धूसरतेचा हिशेब

छायाचित्रणाच्या जगात गेल्या काही वर्षांत एक मत इतके खोल रुजले आहे की ते आता मत म्हणून मांडलेही जात नाही, सर्वमान्य सत्य म्हणून सांगितले जाते. जुन्या भिंगांनी टिपलेल्या छायाचित्रांत फोकसबाहेर राहिलेल्या भागाला एक 'आत्मा' असतो, तो त्या काळच्या कारागिरांनी हाताने काचेत उतरवला होता, आणि संगणकाच्या साहाय्याने आखलेल्या आजच्या भिंगांनी तीक्ष्णतेच्या हव्यासापायी तो गमावला, असे हे मत आहे. जुन्या भिंगांची धूसरता डोळ्यांना सुखावते, ही त्यामागची जाणीव खरी आहे आणि तिच्याशी या लेखाचे भांडण नाही. परंतु त्या जाणिवेवर जो इतिहास रचला जातो तो तसा घडलेला नाही, आणि जे भौतिकशास्त्र सांगितले जाते ते चुकीचे आहे. शिवाय या दोन्ही चुकांमुळे ज्या माणसांनी ही भिंगे घडवली त्यांच्या बुद्धीचा अवमान होतो, आणि जे आज ती वापरतात त्यांच्या हातून आपल्याच साधनाचे ज्ञान निसटते. म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे आवश्यक आहे.

प्रथम धूसरता म्हणजे नेमके काय ते पाहिले पाहिजे. कोणतेही भिंग एका वेळी एकाच अंतरावर जुळवता येते. त्या अंतरावरच्या बिंदूपासून निघालेले किरण फिल्मवर किंवा सेन्सरवर पुन्हा एका बिंदूत मिळतात. त्याहून दूरच्या वस्तूचे किरण सेन्सरच्या अलीकडेच मिळून पुन्हा फाकलेले असतात, जवळच्या वस्तूचे किरण सेन्सरपर्यंत पोहोचले तरी मिळालेले नसतात, आणि दोन्ही वेळा बिंदूच्या जागी एक चकती उमटते. या चकतीचा आकार अपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा, असतो: छिद्र गोल असेल तर चकती गोल, पाच पात्यांनी ते पंचकोनी झाले असेल तर चकतीही पंचकोनी. धूसर पार्श्वभूमी म्हणजे अशा असंख्य चकत्यांची एकमेकींवर पडलेली रास; झाडाच्या प्रत्येक पानाची, पानांआडून डोकावणाऱ्या आकाशाच्या प्रत्येक ठिपक्याची एकेक चकती तिच्यात मिसळलेली असते.

या धूसरतेला जपानी भाषेत 'बोके' म्हणतात. अमेरिकेतील 'फोटो टेक्निक्स' या नियतकालिकाने १९९७ मध्ये एका अंकात या विषयावर तीन लेख छापले, तेव्हा संपादक माईक जॉन्स्टन यांनी इंग्रजी वाचकाने शेवटचा स्वर गिळू नये म्हणून शब्दाच्या अखेरीस 'एच' हे अक्षर जोडले आणि 'बोकेह' हे रूप जगभर गेले. जपानी छायाचित्रकारांच्या बोलण्यात मात्र हा शब्द एकटा नाही. धूसरतेच्या गुणाला, जणू तिच्या चवीला, 'बोके-आजी' म्हणतात, आणि एखादी बारीक फांदी धूसर होताना एका मऊ पट्ट्याऐवजी दोन समांतर रेषांत फुटली तर त्या दोषाला 'निसेन-बोके', म्हणजे दुरेघी धूसरता, असे स्वतंत्र नाव आहे. ज्यांचा हा शब्द त्यांनी त्याच्याबरोबर चिकित्साही जपली. शब्द पश्चिमेकडे आणि तेथून आपल्याकडे आला, पण चिकित्सा वाटेत गळाली आणि तिच्या जागी 'आत्मा' येऊन बसला.

जुन्या भिंगाची धूसरता 'अधिक' असते, हे या मताचे सर्वांत ढोबळ विधान असल्याने ते चटकन निकालात काढता येते. धूसर चकती किती मोठी होणार हे अपर्चरचा व्यास आणि अंतरे यांवरच ठरते. भिंगाच्या वयाला त्या हिशेबात जागा नाही. 'हेलिओस ४४-२' या बहुचर्चित सोव्हिएत भिंगाचे नाभीय अंतर ५८ मिलिमीटर आणि कमाल अपर्चर एफ/२ आहे, म्हणजे छिद्राचा व्यास ५८ भागिले २, अर्थात २९ मिलिमीटर. समोर बसलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर फोकस केला असता, फार दूरवरच्या दिव्याची चकती त्या चेहऱ्याच्या प्रतलात बरोबर २९ मिलिमीटर व्यासाची दिसते; दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, त्यामुळे चेहऱ्याशेजारी दहाच्या नाण्याहून किंचित मोठे प्रकाशाचे नाणे धरले आहे अशी कल्पना करावी. व्यक्ती दीड मीटरवर आणि मागची झाडी सहा मीटरवर असेल तर चकती त्याच्या पाऊणपट, सुमारे २२ मिलिमीटरची, होते. हेच गणित आजच्या ८५ मिलिमीटर, एफ/१.४ भिंगाला लावले तर छिद्र ६० मिलिमीटरहून मोठे निघते आणि दूरच्या दिव्याची चकती दुपटीहून मोठी होते. म्हणजे धूसरतेच्या प्रमाणात हे जुने भिंग मागेच आहे. वाद उरतो तो चकतीच्या अंतरंगाचा, आणि तोच खरा समृद्ध भाग आहे.

चकतीच्या आत प्रकाश कसा वाटला गेला आहे यावर पार्श्वभूमी मऊ दिसणार की बोचरी, हे अवलंबून असते. गोलीय पृष्ठाच्या साध्या भिंगात कडेकडून आलेले किरण मध्यातून आलेल्या किरणांपेक्षा भिंगाच्या अधिक जवळ एकत्र येतात. या दोषाला गोलीय विपथन म्हणतात. भिंगरचनाकार बहिर्गोल काचांबरोबर अंतर्गोल काचा योजून हा दोष आवरतो. त्याने तो थोडा शिल्लक ठेवला तर पार्श्वभूमीतील चकतीचा प्रकाश मध्याकडे गोळा होतो, कडा विरघळत जाते आणि शेजारशेजारच्या चकत्या एकमेकींत मिसळून जातात. त्याने तो गरजेहून अधिक सुधारला, म्हणजे कडेचे किरण उलट मध्यकिरणांच्या पलीकडे नेऊन ठेवले, तर प्रकाश चकतीच्या कडेवर साचतो आणि तिच्याभोवती लखलखीत किनार उमटते. दोष पूर्ण नाहीसा केला तर चकती सर्वत्र सारख्या उजळपणाची, पापडासारखी सपाट, दिसते.

जर्मनीतील ग्योरलिट्झच्या मायर कंपनीचे 'ट्रायोप्लान' १०० मिलिमीटर, एफ/२.८ हे भिंग साबणाच्या फुग्यांसारख्या चकत्यांसाठी आज वाखाणले जाते. तीन सुट्या काचांची त्याची रचना मुळात १८९३ मधील डेनिस टेलर या इंग्रज रचनाकाराच्या 'कुक ट्रिप्लेट'ची. ओल्या गवतावर सकाळचे ऊन असताना हे भिंग पूर्ण उघडून फोकस जवळच्या एका पात्यावर ठेवले, तर मागच्या दवाचा प्रत्येक थेंब एक पारदर्शक कवच आणि त्याला चांदीच्या तारेएवढी किनार असा उमटतो. दृश्य मोहक आहे यात शंका नाही. पण ती किनार म्हणजे वर सांगितलेले अतिसुधारलेले गोलीय विपथन होय, आणि दवाच्या जागी वाळलेल्या काटक्या असल्या की तेच विपथन त्याच भिंगातून पार्श्वभूमीभर दुहेरी रेषांचे जाळे विणते, ज्याला जपानी माणूस निसेन-बोके म्हणून नाक मुरडतो. अनेक जुन्या वेगवान, म्हणजे मोठ्या छिद्राच्या, भिंगांत हे अतिसुधारणे आले ते फोकसमधील प्रतिमा अधिक रेखीव व्हावी म्हणून: कडेच्या किरणांना थोडे पलीकडे ढकलले की मधल्या पट्ट्यातील शिल्लक दोष तोलला जातो. म्हणजे तीक्ष्णतेच्या ज्या हव्यासाचा आरोप आजच्या भिंगांवर केला जातो, त्याच हव्यासाचे अपत्य म्हणजे हे फुगे आहेत.

आत्म्याच्या कल्पनेला याहून मोठा धक्का अग्रभागाकडे पाहिल्यावर बसतो. फोकसच्या मागे आणि पुढे किरणांची मांडणी उलटी होत असल्यामुळे, ज्या भिंगाची पार्श्वभूमी लोण्यासारखी मऊ असते त्याचा धूसर अग्रभाग कडक किनारीचा होतो, आणि ज्याची पार्श्वभूमी फुग्यांनी भरते त्याचा अग्रभाग मऊ पडतो. एकाच काचेचा स्वभाव चेहऱ्याच्या मागे प्रेमळ आणि पुढे रागीट कसा असू शकतो, याचे उत्तर आत्मा मानणाऱ्यांपाशी नाही. विपथन मानणाऱ्यापाशी ते एका वाक्याचे आहे.

आता त्या प्रसिद्ध भोवऱ्याकडे वळता येईल. हेलिओस किंवा पेत्झवाल पद्धतीच्या भिंगाने पानांसमोर काढलेल्या व्यक्तिचित्रात चेहऱ्याभोवतीची पार्श्वभूमी गरगर फिरत असल्यासारखी दिसते, आणि जुन्या भिंगांच्या जादूचा पुरावा म्हणून सर्वाधिक वेळा हेच दाखवले जाते. या जादूचे मुख्य कारण समजण्यासाठी कॅमेराही लागत नाही. दोन सारख्या बांगड्या वीतभर अंतराने एकामागे एक धरून समोरून पाहिल्यास आरपार दिसणारी मोकळी जागा गोल असते. तसेच धरून किंचित बाजूने पाहू लागले की पुढची बांगडी एका बाजूने आणि मागची दुसऱ्या बाजूने ती जागा कापते आणि उरलेली फट लिंबाच्या किंवा मांजराच्या डोळ्याच्या आकाराची होते. भिंगाच्या नळीत पुढच्या आणि मागच्या काचेच्या कडा या बांगड्यांचेच काम करतात. चित्राच्या मध्यावर चकती गोल राहते, कडेकडे जावे तशी ती चिंचोळी होत जाते, आणि तिची लांबी मध्याभोवतीच्या वर्तुळाला धरून राहत असल्याने अशा शेकडो चिंचोळ्या चकत्या मिळून डोळ्याला फेर धरल्याचा भास देतात. यात दोन विपथने भर घालतात. एक, प्रतिमाक्षेत्राची वक्रता, म्हणजे सपाट सेन्सरऐवजी वाटीसारख्या पृष्ठावर प्रतिमा जुळणे. दुसरे, अ‍ॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे मध्याकडे धावणाऱ्या आणि मध्याभोवती वर्तुळाने जाणाऱ्या रेषांचा फोकस वेगवेगळ्या अंतरावर पडणे. पण अपर्चर दोन पायऱ्यांनी लहान केले की मधले छोटे छिद्र दोन्ही कडांच्या आत पूर्ण मावते, चकत्या पुन्हा गोल होतात आणि भोवरा थांबतो. पार्श्वभूमी सपाट भिंतीची असेल तर तो मुळात दिसतच नाही, आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर भिंग चढवले तर भोवरा जिथे असतो त्या कडाच कापल्या जातात.

या भोवऱ्याचा इतिहास तर या मताच्या थेट विरोधात जातो. दागेरची छायाचित्रणपद्धती १८३९ मध्ये जाहीर झाली तेव्हा तिच्याबरोबर वापरले जाणारे शेवालिए यांचे भिंग सुमारे एफ/१५ इतके मंद होते आणि माणसाला मिनिटामागून मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्झवाल यांनी १८४० मध्ये सुमारे एफ/३.६ चे व्यक्तिचित्रणाचे भिंग आखले आणि फोग्टलेंडर यांनी ते घडवले. प्रकाश सोळा-सतरापट वाढला आणि माणसाचा चेहरा सहजपणे टिपणे प्रथमच शक्य झाले. हे भिंग चाचपडत, काचा घासून पाहून जमलेले नव्हते. ते आधी कागदावर आकडेमोडीने सिद्ध झाले, आणि त्या आकडेमोडीसाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील, गणिते करण्यात तरबेज असलेली माणसे पेत्झवाल यांच्या मदतीला देण्यात आली होती. संगणकाने भिंगांचा आत्मा मारला असे म्हणणाऱ्यांनी या खोलीची कल्पना करावी: मेजांभोवती बसलेली माणसे किरणामागून किरण, पृष्ठामागून पृष्ठ मोजत आहेत. संगणक करतो ते हेच काम. तेव्हा ते माणसे करत होती, एवढाच फरक आहे, आणि त्यांना हवे तेवढे किरण मोजता आले नाहीत म्हणून जे दोष शिल्लक राहिले त्यांना आज त्यांचा हेतू ठरवले जात आहे.

पेत्झवाल यांच्यावर यात होणारा अन्याय विशेष खुपणारा आहे. प्रतिमाक्षेत्र किती वक्र होणार हे भिंगांच्या घटकांवरून काढण्याचे जे सूत्र आहे त्याला आजही पेत्झवाल यांचेच नाव आहे. ज्या गणितज्ञाने त्या दोषाला पकडून समीकरणात बसवले, त्याचे नाव त्याच दोषाची मोहिनी विकण्यासाठी वापरले जाते. त्यांच्या भिंगाने काढलेल्या त्या काळच्या व्यक्तिचित्रांत भोवरा शोधू गेले तर तो क्वचितच सापडतो, कारण स्टुडिओत माणसामागे साधा पडदा असे आणि कडांचा ढिला भाग अंडाकृती चौकटीच्या आड जाई. फोग्टलेंडर यांनी या भिंगासाठी काढलेल्या धातूच्या कॅमेऱ्याचे चित्र तर गोलच होते. भिंग ज्या आकाराच्या छायाचित्रण-प्लेटसाठी आखले त्याहून मोठी प्लेट लावणे आणि मागे पानांची गर्दी ठेवणे, हे दोन्ही उद्योग नंतरचे आहेत.

हेलिओसची कथाही अशीच. येनाच्या कार्ल झाइस कारखान्यात विली मेर्टे यांनी आखलेल्या 'बायोटार' ५८ मिलिमीटर, एफ/२ या भिंगाची रचना दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाकडे आली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात तिचे हेलिओस झाले. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ही भिंगे लाखोंच्या संख्येने बाहेर पडली. सामान्य माणसाच्या हाती परवडणारा कॅमेरा देण्यासाठीचे ते कारखान्यातील घाऊक उत्पादन होते, आणि त्यात काही उणे आहे असे नाही. पण 'एकेका कारागिराने जीव ओतलेली काच' हे वर्णन त्याला लावणे म्हणजे त्या कामगारांचे खरे कर्तृत्व पुसून त्यांच्यावर खोटे लादणे आहे. त्या कारखान्याला कशाचा अभिमान होता हे भिंगांवरच कोरलेले आहे: हेलिओस ४४एम-४ पासून ४४एम-७ पर्यंतची प्रतवारी रेषाविभेदनावर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये किती बारीक रेषा सुट्या दिसतात यावर, केलेली होती आणि आकडा चढला की भिंग अधिक तीक्ष्ण. भोवऱ्याची प्रतवारी कोणी लावली नाही. २०१३ मध्ये याच क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याच्या सहकार्याने पेत्झवाल पद्धतीचे नवे भिंग लोमोग्राफी या कंपनीने लोकवर्गणीतून आणले, तेव्हा भोवरा हे वैशिष्ट्य म्हणून जाहीर झाले. एकोणिसाव्या शतकातील दोष एकविसाव्या शतकात हेतू झाला तो असा. त्या नव्या भिंगाच्या बाबतीत तो हेतू खरा आहे, म्हणून त्याला तसे म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. जुन्या काळात मुद्दाम मऊ चित्र देणारी भिंगे होतीच, आणि पीटर हेन्री एमर्सन यांच्यासारखे छायाचित्रकार १८८९ मध्येच सगळे चित्र सारखे तीक्ष्ण नसावे असा आग्रह धरत होते, मग जुन्यांना धूसरतेची जाण नव्हती असे कसे म्हणता येईल? तसे म्हणायचेही नाही. जाण होती, आणि ती कशी होती हे पाहिले की आत्म्याचे उरलेसुरले मतही गळून पडते. जॉन हेन्री डॅलमायर यांनी १८६६ मध्ये व्यक्तिचित्रणाच्या भिंगाचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले. पेत्झवाल यांच्या रचनेत बदल करून त्यांनी मागची काच थोडी फिरवून सैल करता येईल अशी सोय केली, ज्यामुळे गोलीय विपथन वापरणाऱ्याच्या इच्छेनुसार कमी-जास्त होई. छायाचित्रकाराने किती मऊपणा हवा ते ठरवायचे आणि तेवढे फिरवायचे. १९३५ मध्ये लाइट्झ कंपनीने 'थांबार' हे ९० मिलिमीटरचे भिंग काढले, त्यात विपथन मुद्दाम राखले होते आणि मध्यातील किरण अडवून मऊपणा वाढवण्यासाठी मध्ये ठिपका असलेली काच दिली होती. निकॉनने १९९० मध्ये १३५ मिलिमीटरचे 'डीसी' भिंग बाजारात आणले. त्याच्या एका वलयावर अपर्चरचे आकडे पुढे आणि मागे अशा दोन्ही बाजूंनी कोरलेले आहेत. पार्श्वभूमी मऊ हवी असेल तर एका बाजूला फिरवायचे, अग्रभाग मऊ हवा असेल तर दुसऱ्या. दोन्ही एकदम मिळत नाहीत, कारण विपथनाचे भौतिकशास्त्र ते देत नाही, आणि रचनाकारांनी ही मर्यादा लपवण्याऐवजी वलयावरच कोरून दिली. १९९९ मध्ये मिनोल्टाने कडेकडे गडद होत जाणारी एक काच भिंगात बसवून चकतीची किनारच विरवून टाकली, आणि तीही मागे-पुढे दोन्हीकडे. डॅलमायरपासून मिनोल्टापर्यंतची ही सलग परंपरा आहे. धूसरतेवर ज्यांचे खरे प्रेम होते त्यांनी ती मोजली, तिला मूठ लावली आणि छायाचित्रकाराच्या हाती दिली. हे ज्ञान हरवले असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. ते जुन्या भिंगांत जितके होते त्याहून नव्यांत अधिक आहे.

'कमी काचांमुळे चित्राला त्रिमिती येते' हा आणखी एक दावा. काचांच्या संख्येचा संबंध मुख्यतः परावर्तनाशी आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक हवेशी भिडणाऱ्या पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. चार गटांत सहा काचा असलेल्या हेलिओसमध्ये अशी आठ पृष्ठे आहेत, आणि त्यांच्यावर लेप नसता तर सुमारे ७२ टक्के प्रकाशच पार गेला असता, उरलेल्यातील काही भाग भिंगात इकडेतिकडे आपटून चित्रावर पांढुरकी झाक टाकत राहिला असता. झाइसचे आलेक्सांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधी लेपाचे एकस्व घेतल्यावर ही अडचण उलगडू लागली. कमी काचांचा हा लाभ लेपाने बराचसा निष्प्रभ केला आणि धूसरतेशी त्याचे नाते दूरचेच होते. चेहरा पार्श्वभूमीपासून सुटून उठावदार दिसतो तो प्रकाशाची दिशा, मागचे अंतर आणि छिद्राचा व्यास यांच्यामुळे.

वयाने आलेल्या खुणाही सर्रास आत्म्याच्या खात्यावर जमा केल्या जातात. आसाही कंपनीच्या काही जुन्या सुपर टाकुमार ५० मिलिमीटर, एफ/१.४ भिंगांत थोरियमयुक्त काच आहे. तिच्या किरणोत्सारामुळे काच वर्षानुवर्षे पिवळी-तपकिरी होत जाते आणि चित्रात येणाऱ्या त्या छटेला 'जुन्या काचेचा उबदार रंग' म्हटले जाते. तीच काच अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की रंग बऱ्याच अंशी उतरतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत तर पावसाळ्याचे चार महिने हा विषय फार जवळचा होतो. हवेतील ओलाव्याने काचांच्या मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते, काचा जोडणारा जुना बाल्सम कडेने सुटू लागतो, आणि टॉर्चच्या प्रकाशात तिरके धरून पाहिल्यास काच दुधाळ दिसते. असे भिंग दिव्यांच्या माळांकडे वळवले की प्रत्येक दिव्याभोवती दुधी वलय पसरते, धूसर चकत्यांत बुरशीचे धागे नकाशातील नद्यांसारखे उमटतात, आणि तरीही विकणारा त्याला स्वप्नील चमक म्हणतो व घेणारा विश्वास ठेवतो. ज्या भिंगाला सिलिका जेलच्या डब्याची आणि सफाईची गरज आहे त्याला भक्ती मिळते, हे पाहून वाईट वाटते.

जुन्या भिंगांच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली जात नाही. आजच्या पुष्कळ भिंगांत अगोलीय काचा साच्यात दाबून बनवतात. साचा घडवताना हिऱ्याच्या टोकाने त्याच्यावर जे अतिसूक्ष्म वर्तुळाकार चर पडतात ते काचेवर उतरतात, आणि धूसर चकत्यांत कांदा कापल्यावर दिसतात तशी एकात एक वर्तुळे उमटतात. घासून गुळगुळीत केलेल्या गोलीय पृष्ठांच्या जुन्या भिंगांत ही वर्तुळे नसतात. त्यांची चकती या बाबतीत स्वच्छ असते, हा त्यांचा खरा, दाखवता येण्याजोगा गुण आहे. नव्या भिंगांच्या निर्मात्यांनी तो ओळखला आणि साचे अधिक काटेकोर घासण्याकडे लक्ष दिले, कारण दोषाला नाव मिळाले होते. तसेच, कडेपर्यंत रेखीव असणारे पण काटक्यांची पार्श्वभूमी बोचरी करणारे नवे भिंग कोणाला नको असेल तर त्याचे कारण पूर्णपणे योग्य आहे. 

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना आहे: इतके मोजमाप केल्यावर सौंदर्य उरत नाही. हेलिओस ४४-२ हाताळणाऱ्याला याचे उत्तर बोटांखाली मिळते. या भिंगाला अपर्चरची दोन वलये आहेत. एकाने किती बंद करायचे त्याची सीमा ठरते आणि दुसरे त्या सीमेपर्यंत खटके न देता सरकते. सकाळी आंब्याखाली कोणी दीड मीटरवर बसले आहे, मागे सहा मीटरवर पानांतून ऊन गळते आहे आणि सीमा एफ/४ वर लावलेली आहे. भिंग पूर्ण उघडे असताना प्रत्येक कवडसा बावीस मिलिमीटरचा आहे, चौकटीच्या कडेला तो लिंबाच्या फोडीसारखा कललेला आहे, आणि सारी झाडी त्या चेहऱ्याभोवती फेर धरून आहे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून दुसरे वलय हळूहळू सरकवले की फोडी एकेक करून भरत जातात, फेर मंदावतो, पानांच्या कडा सावकाश वर येतात, आणि वलय सीमेला टेकते तेव्हा कवडसे अकरा मिलिमीटरचे होऊन जागच्या जागी थांबलेले असतात. यातले कोणते क्षणचित्र हवे ते वलय धरणाऱ्याने ठरवायचे असते.